मागे बोलावणारं माणूस

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला फसवलं. आजवर ते भाजीवाल्याला जमलं नव्हतं, की फ्लॅट विकणाऱ्याला. खराडीच्या ऑफिसांत डबे पोचवून मी घर उभं केलंय, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. तरी फसले.

मांजरीत आम्ही दोघी जावा एकाच घरात होतो. मी त्यांना ताई म्हणते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपली की आमचं दिवाळीचं बजेट बसायचं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर ताई लिहायच्या: तेल, डाळ, खोबरं, पोरांचे कपडे, माझ्या डब्याच्या बायकांचा बोनस. मी प्रत्येक आकड्याला कात्री लावायची. सगळ्यात शेवटी त्या हळूच ‘किरकोळ’ लिहायच्या. किरकोळ म्हणजे काय, हे मी दरवर्षी विचारायची आणि त्या दरवर्षी न ऐकल्यासारखं करायच्या. बाजार झाला की त्याच किरकोळातून आम्ही मिसळ खायचो आणि तुळशीबागेत बांगड्या भरायचो.

बाजार रविवार पेठेतल्या एका ठरलेल्या भुसार दुकानात. मी खोबऱ्याच्या भावावरून भांडायची, पिशवी उचलून पायऱ्या उतरायची आणि शेजारच्या मिरचीच्या दुकानापुढे शिंकत उभी राहायची. आत ताई शेठना समजावत. ती तापट आहे हो, पण गिऱ्हाईक पक्कं आहे, थोडं सोडा, मी बोलावते तिला. मग दारातून हाक यायची, “अगं, ये. देतायत ते.” मी तोंड वाकडं करूनच वर चढायची. असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. ते होत गेलं.

पुढे भाऊजींनी वाघोलीला फ्लॅट घेतला. भांड्यांची वाटणी झाली तेव्हा मी फराळाची मोठी कढई मागितली. ताईंनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. “ठेव तुझ्याकडेच. दिवाळीला तळायला मी इथंच येणार आहे.” तिथंच मला संशय यायला हवा होता. मागितल्या भावाला जो लगेच हो म्हणतो, त्याचा माल मी एरवी तीनदा उलटून बघते. त्या दिवशी मात्र सौदा जिंकल्याच्या आनंदात कढई घासून फळीवर ठेवली.

पहिली दोन वर्षं त्या आल्या. यंदा दसरा झाल्यावर मी कॅलेंडरचं पान घेऊन फोन लावला.

“अगं, यंदा तयार फराळच मागवलाय. तुलाही बॉक्स येईल. कशाला दगदग करतेस?”

“भाव काय लावला?”

“ॲपवर कोण भाव करतं?”

मी फोन ठेवला आणि एकटीच पेठेत गेले. खोबऱ्यावरून भांडले, पिशवी उचलली, पायऱ्या उतरले, मिरचीपुढे जाऊन उभी राहिले. शिंका आल्या. हाक आली नाही. आत शेठ दुसऱ्या कोणाचा रवा तोलत होते. बराच वेळ मी दाराकडे बघत राहिले, मग आपली आपणच वर चढले. शेठनी विचारलं, “मोठ्या बाई नाही आल्या?” सांगतील तो भाव मोजून मी बाहेर पडले. मिसळीच्या दुकानावरून चालत गेले, आत शिरले नाही. एकटीनं काय किरकोळ करायचं?

बॉक्स आला. चकल्या सगळ्या एका मापाच्या, एकही तुटकी नाही. आम्ही तळायचो तेव्हा तुटक्या चकल्या पातेल्याशीच बसून संपवायचो.

कढई फळीवरच आहे. माझ्या एकटीच्या घाण्याला ती फार मोठी होते. ती परत न्या, असं मी म्हणणार नाही. पण ताईंनी एकदा वाघोलीहून यावं, माझ्यासमोर बसावं आणि तोंडावर सांगावं: मी पायऱ्या उतरल्यावर मला मागे कोणी बोलवायचं?