फत्तेसिंहरावांनी लावलेली ओळ

माझ्या मुलीच्या, पूर्वीच्या, कॉलेजच्या प्रोजेक्टची परीक्षा शुक्रवारी होती. प्रोग्राम जावा नावाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनवरच चालला पाहिजे, असं कॉलेजने बजावलं होतं आणि आमच्या कॉम्प्युटरवर जुनं होतं. चालला नाही तर मुलीचं वर्ष गेलं. म्हणून मंगळवारी फत्तेसिंहरावांना बोलावलं आणि मी खुर्ची ओढून त्यांच्या पाठीमागेच बसले.

आमच्या वाडीत त्यांना सगळे ओळखतात. आजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत, हे मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात टर्नर. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा कोणी हात लावेना. हे जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन त्याचं पुस्तक वाचत बसायचे. पुढे लेथचा विभाग बंद झाला आणि कॉम्प्युटर लावून देणं हाच त्यांचा धंदा झाला. हे सगळं त्यांनी मला न विचारता सांगितलं. न विचारता एवढं सांगणाऱ्या माणसाची मला जरा धास्तीच वाटते.

त्यांनी आणलेल्या सीडीवर छापील नाव नव्हतं, पेनने लिहिलेलं होतं. चहा काम झाल्यावर घेईन म्हणाले. आणि मधूनमधून पडद्यावरचं काहीतरी एका वहीत उतरवून घेत होते. आमच्या इंटरनेटचा पासवर्ड तर नव्हे? पूर्वी म्हणाली, आई, तू आत जा ना. मी हलले नाही.

तासाभराने त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. "चालशे, वहिनी, आता चालेल. नवं बसलं."

पूर्वीने कॉम्प्युटरला व्हर्जन विचारलं. पडद्यावर जो आकडा आला तो मी सकाळीच पाहून ठेवला होता.

"हा तर जुनाच आकडा आहे, फत्तेसिंहराव. नवं टाकलंत ते गेलं कुठं?"

ते पडद्याजवळ वाकले. मग सेटिंगची फाइल उघडून त्यांनी एक लांबलचक ओळ दाखवली. कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं, त्याची ती यादी. कॉम्प्युटर ती डावीकडून वाचतो आणि पहिला जावा भेटला की तिथेच थांबतो. यांनी नव्याचं नाव अगदी शेवटी लिहिलं होतं, जुन्याच्या मागे.

"दुसऱ्यानं लावलेल्या ओळीत मी मध्ये घुसत नाही, वहिनी. मागून आला त्यानं मागं उभं राहायचं."

"ही काय पंगत आहे? घ्या त्याला पुढे."

पूर्वी हसली. त्यांनी नाव पुढे घेतलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि नवा आकडा आला. मुलीचा प्रोग्रामही चालला.

तेव्हा मी वहीचं विचारलं. त्यांनी पान उघडून समोर धरलं. आमची जुनी ओळ अक्षर न् अक्षर उतरवलेली, वर तारीख. काही बिघडलं तर पहिल्यासारखं करता यावं म्हणून, ते म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी ते पान फाडलं, माझ्या हातात दिलं आणि चहा उभ्याउभ्याच घेतला.

शुक्रवारी आमची पूर्वी पास झाली. शनिवारी खंडेराव मार्केटमध्ये शेजारची प्रेमला भेटली. तिनेही नवा कॉम्प्युटर घेतलाय. फत्तेसिंहराव कामाला कसा माणूस आहे, तिने विचारलं.

"कामाला चांगला आहे," मी म्हटलं, "पण जवळ बसून राहावं लागतं."