तात्यांची ठमाबाई

तात्या माणसांना अरे-तुरे करायचे आणि कुत्र्यांना अहो-जाहो. केडगावात मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, “या, बसा ठमाबाई. भाकर गार हुतीय.” कुणी पाहुणी आली असेल म्हणून मी शर्ट घालून बाहेर आलो. पाहतो तर तपकिरी-पांढरी, लांब कानांची एक कुत्री आणि तिच्याकडे पाठ करून बसलेले तात्या. मला बघून म्हणाले, “तू कोन रं?”

मी पाटबंधारे खात्यात मोजणीला आहे, असं सांगितल्यावर मला बढती मिळाली. त्या दिवसापासून मी ‘भाऊसाहेब’ झालो. ‘तू’चं ‘तुमी’ व्हायला मात्र आणखी दोन दिवस लागले.

तात्यांनी तीस वर्षं कॅम्पातल्या साहेबांची शिकारी कुत्री सांभाळली होती. साहेबांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. “कुत्री लई हुशार. साहेब शिकवायला मातुर जन्म जातो,” असं ते चारचौघांत म्हणत. ही कुत्री पुण्याच्या एका निवृत्त, झुपकेदार मिशीच्या कॅप्टनची होती. त्याने तिचं नाव डचेस ठेवलं होतं. “असल्या नावानं हाक मारली तर गाव हसंल,” म्हणून तात्यांनी तिची ठमी केली.

ठमीची तक्रार अशी होती : पडलेलं तित्तर ती बरोबर शोधायची, तोंडात अलगद धरायची, पण माणसापासून बारा पावलांवर थांबायची. पुढे येत नसे. कॅप्टनने दोन-तीनदा पक्षी तिच्या तोंडातून हिसकावून तिला पट्ट्याने मारलं होतं. १९७०च्या दिवाळीनंतर तो तिला तात्यांकडे सोडून गेला. बोली साधी होती. तीन महिन्यांनी तो येऊन परीक्षा घेणार. ठमीने पक्षी हातात आणून दिला तर तो तिला पुण्याला नेणार, नाही दिला तर, “ठेव तुझ्याकडेच, नाहीतर हाकलून दे.”

पहिले सहा दिवस तात्या तिच्याकडे पाठ करून नुसते बसले. मी रोज ऑफिसला जाताना अंतर बघायचो. बारा पावलं, दहा, दहा, सात. “तात्या, तोंड फिरवून काय शिकवणार?”

“मिशीवाल्यानं तोंड दाखवूनच वाटुळं केलंय. तिला ठरवू द्या, हा मानूस कसा हाय ते. तुमची सोयरीक जमवताना पोरीकडच्यांनी इचारपूस केलीच आसंल की.”

“केली होती.”

“तरी दिली? कमाल हाय.”

सातव्या दिवशी ठमी मागून आली आणि तिने तात्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. तात्या हलले नाहीत. त्यांची बिडी बोटांपर्यंत जळत आली, तरी हलले नाहीत.

मग जुन्या मोज्यात तित्तराची पिसं भरून खेळ सुरू झाला. मोजा फेकायचा, हाताने दिशा दाखवायची, ती आणून द्यायची. एका रविवारी मी गंमत म्हणून नुसताच हात फिरवला. मोजा माझ्या खिशातच होता. ठमी धावली आणि हुंगत फिरू लागली. तात्या माझ्यावर असे कडाडले की गल्लीतली दारं उघडली. “कचेरीत खोटी मापं लिवता का? मंग हितं का? तिला खोटा हात दावायचा न्हाई!” मी माफी मागितली. “माजी कशाला? तिची मागा.” चाळिशीला आलेल्या सरकारी नोकराने चौदा शेजाऱ्यांसमोर कुत्रीची माफी मागितली. चौदा मी मोजले होते.

माघात कॅप्टन जीप घेऊन आला. आम्ही त्याच्या शेतावर गेलो. तो उंच बांधापलीकडे, तिथून त्याला इकडचं दिसत नव्हतं; आम्ही अलीकडे. बार झाला आणि तित्तर उजवीकडच्या बाभळीमागे पडलं. मी पाहिलं, तात्यांनी पाहिलं, ठमीचं नाक तर तिकडेच वळलेलं होतं. तात्यांनी हात वर केला आणि डावीकडे, ओघळीकडे दाखवला.

ठमीने एकदा बाभळीकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे, आणि ती ओघळीकडे गेली.

तिथे काहीच नव्हतं. ती शोधत राहिली. जाळीत शिरली, बाहेर आली, मागे वळून तात्यांचं तोंड पाहिलं आणि पुन्हा शिरली. अकरा मिनिटं झाली. कॅप्टन बांध ओलांडून आला, सिगारेट पेटवली आणि म्हणाला, “गाढव आहे ही. ठेव तुझ्याकडेच.”

काम फत्ते झालं होतं. मी तात्यांकडे हसून पाहिलं. ते ओघळीकडेच बघत होते. ठमी आता लंगडत होती, पण शोधायची थांबली नव्हती.

“साहेब, जरा लघवीला जाऊन येतो,” म्हणत तात्या बाभळीमागे गेले. तिथून लांबचा वळसा घालून ओघळीच्या वरच्या अंगाने निघाले. परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर पोटाशी रक्ताचा डाग होता. तो मला दिसला. कॅप्टन सिगारेटमध्ये गुंग होता. तात्यांनी शीळ घातली आणि हात पुन्हा ओघळीकडेच केला. मिनिटभरात ठमी तित्तर घेऊन आली. बारा पावलांवर ती थांबली नाही. तिने ते तात्यांच्या तळहातावर ठेवलं.

“शाब्बास!” कॅप्टन ओरडला आणि त्याने तिला जीपमध्ये चढवलं. “पक्षी हिसकू नका साहेब, हात पुढं करून थांबा,” एवढंच तात्या म्हणाले.

आम्ही पायीच परतलो. वाटेत मी म्हणालो, “तात्या, कुत्री तुमची झाली होती.”

“व्हय. झाली हुती की.”

“मग?”

“तिला ठावं हुतं पाखरू कुठं हाय. माज्या हातापायी तिनं सवताचं नाक खोटं धरलं. रोज भाकर टाकताना तिच्या म्होरं कसा बसनार हुतो मी?”

उन्हाळ्यात कॅप्टनचं कार्ड आलं. तात्यांना वाचता येत नसे, म्हणून मी वाचलं. तब्येत ठीक, डचेस पक्षी हातात आणून देते. तक्रार एकच : मी दाखवतो तिकडे जात नाही, स्वतःच्या नाकाने जाते.

“मिशीवाल्याचं ऐकत न्हाई म्हंजे शानी झाली,” तात्या म्हणाले. मग पेटवायला काढलेली बिडी त्यांनी परत कानामागे खोचली.

“त्यवढी नाकाची वळ परत वाचा,” म्हणाले. मी वाचली. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली.