मोरोपंतांची दुरुस्ती

मोरोपंत अमरावतीहून अकोल्याला वकिली करायला आले, तेव्हा अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. जो तो मिळेल त्या तुकड्यात कापूस पेरू पाहत होता. पंत हुशार होते, आणि ते कचेरीत निवाडा करणाऱ्या इंग्रज साहेबाला दिसावं असं त्यांना फार वाटे.

त्याच दिवसांत बार्शीटाकळीकडची सत्यभामा त्यांच्याकडे आली. नवरा वारलेला. दीर महादेवराव वावरातला तिचा अर्धा वाटा नाकारत होता आणि त्यातली आमराई तोडून कापूस पेरायला निघाला होता. ती झाडं तिच्या नवऱ्याने खांद्यावर पाणी वाहून जगवलेली.

"वाटा भेटला तं भेटला, पंत," ती म्हणाली. "झाडं तेवढी वाचवा."

पंतांनी अर्ध्या वाट्याची फिर्याद लावली. निकालापर्यंत झाडांना हात लावू नये, असा मनाईचा अर्जही दिला. या अर्जाचा निर्णय होईपर्यंत थांबतो, असं महादेवरावाने साहेबासमोर कबूल केलं.

मध्येच तिच्या गावचा एक म्हातारा पंतांना म्हणाला, सगळं वावर तिच्या नवऱ्यानेच कमावलेलं. आख्खं वावर मिळवून साहेबाला आपली हुशारी दाखवायचा पंतांना मोह झाला. सत्यभामेला न विचारता त्यांनी फिर्याद दुरुस्त केली आणि आख्ख्या वावरावर हक्क सांगितला.

सुनावणीला महादेवरावाचा वकील उठला. "मूळ फिर्याद आता राहिली नाही. मग तिच्यावर दिलेला अर्ज कशाच्या आधारावर चालवायचा?"

साहेबाला ते पटलं. नव्या फिर्यादीला आधी उत्तर येऊ द्या, मनाई हवी तर अर्ज नव्याने करा, असं सांगून त्याने जुना अर्ज काढून टाकला. त्याबरोबर महादेवरावाचा शब्दही सुटला. पंतांनी लगेच दुसरा अर्ज दिला, पण त्याला तारीख लांबची मिळाली.

बाहेर ओसरीवर सत्यभामा बसली होती. "काय झालं?"

"साहेबांनी पुढची तारीख दिली," पंत म्हणाले.

एवढंच म्हणाले. ती निश्चिंत होऊन गावी गेली. तारीख यायच्या आत आमराई आडवी झाली होती.

निकालात तिला अर्धा वाटा मिळाला, पहिल्या फिर्यादीत मागितला होता तेवढाच. म्हाताऱ्याचं म्हणणं शाबीत झालं नाही. ती पाया पडायला वाकली तेव्हा पंत मागे सरले.

"बाई, झाडं साहेबामुळे गेली नाहीत. मी फिर्याद बदलली म्हणून आपला अर्ज पडला. तुम्हाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलंही नाही."

सत्यभामा ताठ उभी राहिली.

"फिर्यादीतलं मले कायी समजत नाई," ती म्हणाली. "पण त्या दिवशी सांगतलं असतं, तं मी झाडाखाली जाऊन बसली असती. माह्या अंगावर कुऱ्हाड घालाची त्याची छाती नव्हती."

दुरुस्तीची चूक पंत मनाशी कबूल करत आले होते. आपण गप्प राहिलो म्हणून तिच्या हातातला उपायही गेला, हे त्यांना आज कळत होतं.

पुढे कोणतीही फिर्याद बदलण्याआधी पक्षकाराला समोर बसवून ते सांगत, कोणते अर्ज पडतील, मध्ये काय बिघडू शकतं. त्याने मन हलकं झालं नाही. सत्यभामेने गावात कोणाला काही सांगितलं नाही. तिच्या गावची माणसं तिचंच नाव घेऊन पंतांकडे येत राहिली, आणि दर वेळी ते नाव ऐकून पंतांची मान खाली जाई.