पाच तासांचं कॅनडा

केजपासून कुठलं गाव किती लांब आहे हे ठरवायचा हक्क देवाने एकट्या आमच्या थोरल्या साडूंना दिलेला आहे. किलोमीटरचे दगड त्यांना मंजूर नाहीत. "दगड काय, कोनीबी रोवतं!" त्यांचं माप चहाचं. बीड म्हणजे वाटेतल्या मांजरसुंब्याचा एक चहा. कडा म्हणजे दोन चहा आणि भज्यांची एक प्लेट. एकदा आम्हाला कपिलधारला नेलं, तर देवळात पोचेपर्यंत चार चहा झाले, आणि साडू गंभीरपणे म्हणाले, "औंदा देव जरा लांब गेलाय." स्टँडसमोर त्यांचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बेअरिंग मागतं आणि हे विचारतात, कवा निघालास, वाटंत कुठं थांबलास? बेअरिंग त्यानंतर.

दुसरा हट्ट याहून भारी. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की 'पोचलो' असा फोन येईपर्यंत हे अन्नाला शिवत नाहीत. एकदा मी लातूरला लग्नाला गेलो आणि फोन करायचा विसरलो. संध्याकाळी काय काय ऐकावं लागलं! "कावून फोन केला न्हाईस बे? हितं माझा भुकंनं जीव चाललाय अन् तू तिकडं जिलेबी हाणतो!"

अशा माणसाला एकुलती एक पोरगी, तीही हुशार. तिच्यासाठी साडूंचा नियम एकच: जिथून एका दमात घरी येता येईल, नोकरी तिथंच. दिल्लीची नोकरी आली तेव्हा त्यांनी समोरचं ताट सरकवलं. "एक रात अन् एक दिस गाडीत? पुणं काय बुडालंय का?" पोरगी रडली, विषय मिटला. पुढच्या वर्षी तिला थेट कॅनडातून, टोरांटोहून बोलावणं आलं. तिने भीत भीत मोबाइल बापापुढे धरला. साडूंनी विमानाच्या वेळा वाचल्या. मुंबईहून रात्री एकला निघतं, टोरांटोला सकाळी सहाला उतरतं. बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "पाच तास! अगं, दिल्लीपेक्षा जवळ हाय की. जा!" आम्ही पोट धरून हसलो. गडी पोरीपुढे विरघळला आणि थट्टेवारीत होकार देऊन मोकळा झाला, असंच आम्हाला वाटलं.

तिला मुंबईला सोडायला तिचा मामा गेला. साडू गेले नाहीत, कारण फोन घ्यायला घरात जबाबदार माणूस लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मेव्हणीचा, म्हणजे आक्काचा फोन आला. "दाजी, तुमी या बरं. हे येड्यावानी करायलेत."

जाऊन बघतो तर साडू उपाशीपोटी फोनपुढे बसलेले, डोळे लाल. "पाच तासाचं इमान अन् अजून फोन न्हाई! कुठं पडलं का काय रे?" तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. अरे देवा, या माणसाने त्या दिवशी थट्टा केलीच नव्हती! मी त्यांना समजावलं की तिथलं घड्याळ आपल्या मागे चालतं, तिथे सकाळचे सहा होतील तेव्हा इथे दुपारचे साडेचार झालेले असतील, आणि खरा प्रवास पंधरा-सोळा तासांचा, बाराएक हजार किलोमीटरचा आहे.

साडूंनी पुन्हा बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "म्हंजे दिल्लीपेक्षा लांब."

"लई लांब, भाऊ."

आक्काने दहादा विनवलं तरी त्यांनी घास घेतला नाही. पाचच्या पुढे फोन वाजला. साडूंनी आवाज मोठा केला आणि पोरीचं रडू सगळ्या घरभर ऐकू आलं. "अप्पा, पोचले. लई लांब आले हो मी."

"रडायला काय झालं? नीट खा. गार वाऱ्यात हिंडू नको." एवढं दरडावून त्यांनी फोन ठेवला.

आक्का डोळ्याला पदर लावत ताट वाढायला आत गेली. साडू माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हे मला आधी कळलं असतं तर मी तिला जाऊच दिलं नसतं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. साडूंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"बरं झालं," ते म्हणाले, "न्हाई कळलं."