वाट पाहणाऱ्याची पाळी

आमच्या शेजारची वैदेही वायरलेस नेटवर्कवर संशोधन करते. एका टॉवरवर शेकडो फोन टपलेले असताना पुढची पाळी कुणाला द्यायची, हा तिचा विषय. "दणदणीत सिग्नलवाल्यालाच पाळी देत गेलं तर काम भराभर उरकतं," ती मला एकदा म्हणाली, "पण कोपऱ्यातला फोन उपाशी राहतो. म्हणून जो जास्त थांबला, त्याचा हक्क मोठा." गणितात एवढी माया असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून नुसता गलका चालला होता. वैदेही मध्येच उठली. "मालतीकाकू मघापासून हात वर करून बसल्यात."

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकू हळूच म्हणाल्या, "जिन्यातला बल्ब कधीचा गेलाय. दिवेलागणीनंतर मी खाली उतरणंच सोडलंय."