आबांनी बांधून आणलेल्या भाकरी

मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात कोणी स्वतःच्या डोळ्यालासुद्धा हात लावत नसे. आई दोंडाईच्याला मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या हातांची अशी आग व्हायची की हाताला तेल चोळून ती दारात नुसती बसून राहायची. त्या हातांनी पीठ मळलं तर भाकरी खाणाऱ्याचं तोंड पोळायचं. त्यामुळे हंगामाचे महिने भाकरी आबा, म्हणजे माझे वडील, थापायचे. तेही त्याच गोदामात पोती वाहायचे. शेत होतं, पण कोरडवाहू आणि एवढंसं. ते पावसावर पिकायचं, नाहीतर नाही.

गल्लीतल्या बाया दारावरून जाताना टोमणा मारायच्या, "का हो आबा, आज भाजी काय कयी?"

आबा तव्यावरून नजर न काढता म्हणायचे, "भाकर मी करस, भाजी तू ली ये!"

पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची. आबा शेवटी जेवायचे, आणि कधीकधी "भूक नही" म्हणून उठून जायचे. ते खोटं होतं हे मला फार उशिरा कळलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. सोनगीरवरून जाणाऱ्या एस.टी.त अर्धा अभ्यास केला. मी कॉलेजला निघाले तेव्हा ओट्यावर बसलेल्या लोकांनी आबांना विचारलं होतं, पोरीला शिकवून काय करशील, ती तर परक्याच्या घरी जाणार. आबांनी उत्तर दिलं होतं, "ती मनी आंडेर नही, आंडोर शे." आमच्या बोलीत आंडेर म्हणजे लेक, आंडोर म्हणजे मुलगा. तेव्हा ते ऐकून माझी छाती फुगली होती.

पुढे पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, मग लग्न झालं. आई त्याआधीच गेली होती. आणि लग्नानंतर आबांनी माझ्याकडचं अन्न बंद केलं.

आमच्याकडे जुनी माणसं पाळतात ते. लेक दिली की तिच्या घरचं खायचं नाही, नातवंड होईपर्यंत नाही. पाणी प्यायचे, तेही मी हातात दिलं तर. बाकी आबा पुण्याला यायचे ते स्वतः थापलेल्या कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून. ज्वारी-उडदाची भाकरी दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी तिचा पत्रा होतो. आबा ती पाण्यात बुडवून, वर तेल-चटणी घेऊन खायचे आणि मी समोर बसून बघायचे.

आम्ही नवीन घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला तेच झालं. आत माझ्या ऑफिसची माणसं, सासरची माणसं श्रीखंड-पुरी खात होती आणि माझा बाप गॅलरीत पाठ करून फडकं सोडत होता. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "व्याह्यांच्या बाबतीत आमचं काही चुकलं का?" काय सांगणार? लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. पहिली भाकरी मला वाढणाऱ्या माणसाला मी एक घास वाढू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला. आबा पुढच्या सकाळच्या गाडीने परत जाणार होते. मी ठरवलं, यांना बाहेर न्यायचं. हॉटेल काही लेकीचं घर नाही. ऑफिसच्या लोकांबरोबर मी एकदा एका मोठ्या मेक्सिकन हॉटेलात गेले होते. तिथे मक्याची पातळ भाकरी, टॉर्टिया म्हणतात तिला, डोळ्यांसमोर भाजून देतात आणि सोबत मिरचीच्या चार तऱ्हेच्या चटण्या. तेव्हाच मनात आलं होतं की आबा शहरात कुठे जेवलेच तर इथे जेवतील.

दुपारी गेलो. उंच छत, जाड लाकडी टेबलं, कापडी रुमालांची घडी केलेली. आबांनी टोपी नीट केली आणि पहिला प्रश्न विचारला, "हात कोठे धोवाना?" एकाने वाफाळता ओला रुमाल चिमट्याने आणून दिला. आबांनी त्याने हात पुसले, तोंड पुसलं, मानही पुसून घेतली. बरं वाटलं असावं, कारण दुसरा मागितला.

काचेपलीकडे एक बाई मोठ्या तव्यावर टॉर्टिया भाजत होती. आबा बराच वेळ बघत राहिले. चटण्या आल्या तशी भाजलेल्या मिरचीचा वास टेबलभर पसरला. आबांना ठसका लागला. डोळे पुसायला हात वर गेला आणि सवयीने अर्ध्यावरच थांबला. माझाही थांबला. आम्ही दोघं हसलो.

मग गरम टॉर्टियांची टोपली आली. फडक्यात गुंडाळलेल्या, अगदी आमच्या घरासारख्या. मी टोपली त्यांच्याकडे सरकवली. आबांनी वाकून पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, तिच्यातून आपलं फडकं काढलं, टेबलावर सोडलं आणि तिसऱ्या दिवसाची भाकरी दोन्ही हातांनी कडकन मोडली.

आजूबाजूचे वळून बघू लागले. हॉटेलची मॅनेजर बाई आली. नम्र होती बिचारी. "काका, सॉरी, बाहेरचं खाणं इथे चालत नाही."

आबांना त्यात अपमान वगैरे काही वाटला नाही. ते फडकं बांधायला लागले. "बरोबर शे तुनं, माय. मी बाहेर बसस. हाई जेवी ली." म्हणजे मी जेवून घ्यावं आणि ते फुटपाथवर बसणार.

"आबा, बठा," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. मॅनेजर बाई तिथेच थबकली.

"पैसा कोन देस? जवाई?" आबांनी विचारलं.

"मी देस."

"तुना पगारना?"

"मना पगारना."

"मंग तेच ना. घर काय नि हाटेल काय."

मी हॉटेलाची युक्ती काढली होती, ती त्यांनी एका वाक्यात संपवली. मी म्हटलं, नातू यायचा तेव्हा येईल, तोवर तुम्ही वाळल्या भाकरी चावणार का? म्हटलं, इथे आपल्या गावचं कोण आहे बघायला? त्यांनी खरंच मान वळवून सगळी टेबलं बघितली. मग त्यांचा चेहरा उजळला, वाट सापडल्यासारखा.

"आसं धरू," ते म्हणाले, "तू मनी आंडेर नही, आंडोर शे. आंडोरनं खावाले काय हरकत?"

आणि त्यांनी टोपलीकडे हात नेला.

मला हो म्हणता आलं असतं. ते जेवले असते, विषय मिटला असता. पण मी टोपलीवर हात ठेवला.

"नही, आबा. मी आंडेरच शे. आंडेरनं खावानं व्हई ते खा. नहीते ऱ्हाऊ द्या."

म्हणजे लेकीचं म्हणून खाणार असाल तरच खा. मी हात काढला नाही. आबा उठून गेले असते तर मी काय करणार होते? मॅनेजर बाईला शब्द कळले नसतील, पण ती एक पाऊल मागे सरली.

"कॉलेजनी शिकाडं का हाई तुले?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच धाडं ना कॉलेजले."

आबांनी नाकातून श्वास सोडला. फडक्याची गाठ पक्की केली आणि पिशवी पुन्हा पायाशी ठेवली. मग माझा हात मनगटाला धरून टोपलीवरून बाजूला केला, वरची टॉर्टिया काढली आणि ती माझ्या ताटात टाकली. दुसरी स्वतः घेतली. तुकडा मोडला, सगळ्यात लाल चटणीत बुडवला, तोंडात घातला. मी माझ्या टॉर्टियाला हात न लावता बघत होते.

"मीठ कमी शे," ते म्हणाले.

मॅनेजर बाईने मीठ आणून दिलं. आबा पोटभर जेवले. चीज मात्र बोटाने बाजूला सारलं, आणि अव्होकाडोचा गर बघून विचारलं, हे जनावरांना घालतात का इकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला निघण्याआधी माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. माझ्या नवऱ्याने वाढल्या. पोळी त्यांना पातळ वाटली.

मला काळजी होती ती गावाची. आठवड्याने आबांच्या शेजारच्या अक्कांचा फोन आला. आबांनी ओट्यावर स्वतःच सांगितलं होतं, "आंडेरनं जेवाडं माले." कोणीतरी हसलं, तर म्हणाले, तुमच्या आंडेरी जेवू घालत नसतील तर मी काय करू?

आम्हाला अजून मूल नाही. आबा पुण्याला येतात तेव्हा आता भाकरी बांधून आणत नाहीत. माझ्या घरी जेवतात.