साहेबांच्या खांद्यावरची घोंगडी

आमदारसाहेबांच्या बंगल्याच्या दारात त्यांच्या पीएनं दादाला अडवलं. "ए म्हाताऱ्या, आदी पाय पूस. लेंड्या घेऊन कुठं निघाला आत?"

दादा म्हणजे माझा बाप. चपला त्यानं फाटकाबाहेरच काढल्या होत्या. त्यानं खाली बघितलं. मीही बघितलं. पायपुसणं म्हणून तिथे काळी घोंगडी टाकली होती. तिच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे टाके होते. ते टाके माझ्या आईचे.

गेल्याच निवडणुकीत दादानं ती घोंगडी भर सभेत आमदारसाहेबांच्या खांद्यावर घातली होती. दादानं ती ओळखली. मला पक्कं ठाऊक आहे, ओळखली. तरी पाय पुसले. दोन्ही. अगदी नीट पुसले.

माझे कान तापले. बीडला बारावी शिकत होते, कॉलेजात वादविवाद गाजवत होते, आणि तिथे मान खाली घालून दादाच्या मागे आत गेले.

धारूरच्या डोंगरात चराईला बंदी म्हणून वनखात्यानं आमची मेंढरं धरून कोंडली होती. त्यात गाभण्या होत्या. साहेबांचा एक फोन गेला की सुटतील, म्हणून आलो होतो. साहेब सोफ्यावर. आम्हाला बसा कोणी म्हटलं नाही. मोबाईलवरून मान वर न करता ते म्हणाले, "बघतो." झालं.

हे साहेब आम्हाला परके नव्हते. मोठ्या जमीनदाराचा मुलगा, पण जिल्हा परिषदेला पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा आमच्या वस्तीवर येऊन घोंगडीवर मांडी घालून बसला. दूध-भाकर खाल्ली. दादाला मामा म्हणाला. आमच्यात खांद्यावर घोंगडी घातली की तो माणूस घरचा झाला. तेव्हापासून वस्तीची सगळी मतं त्याची. मग आमदारकी, मग पुन्हा आमदारकी. दरवेळी प्रचाराचा नारळ फुटला की साहेब येणार, पिवळा फेटा बांधणार, घोंगडी-काठी घेऊन फोटो काढणार. आमच्या डोंगरात चराईचा प्रश्न तेवढा तसाच.

परतताना एसटीत मी विचारलं, "दादा, कावून पुसले पाय?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मेंढरं कोंडलेली हायत, पोरी. तुजी आब्रू चारा घालती का त्यांला?"

 मेंढरं सुटली, पण फार उशिरा. तोवर काही गाभण्या मेल्या होत्या.

पुढच्या निवडणुकीला साहेब परत आले. मी तोवर शिकून वस्तीवर आले होते, बायकांचा बचतगट चालवत होते. मांडव पडला, ढोल वाजले. दादाचे हात आता थरथरतात, म्हणून नवी घोंगडी त्यानं माझ्याकडे दिली. "तू घाल, पोरी."

मी स्टेजवर गेले. साहेबांनी खांदा पुढे केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. माईक समोरच होता.

"साहेब, ही आमी देणार न्हाई. मागच्या घोंगडीचं तुमी पायपुसणं केलं."

ढोल थांबले. साहेब हसतच म्हणाले, "मामा, पोरगी लई शिकली तुमची."

बऱ्याच वर्षांनी साहेब दादाला मामा म्हणाले. खालून दादा ओरडला, "खाली ये!" मी उतरले, पण घोंगडी घेऊन उतरले.  भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

साहेब निवडून आले. आमच्या वस्तीतूनही मतं पडली त्यांना. दादाचंही पडलं असणार. थोड्याच दिवसांत डोंगरात पुन्हा मेंढरं धरली. या वेळी कोणाचा फोन गेला नाही. पाण्याचा टँकर अलीकडच्या गावातून मागे फिरू लागला. बायका म्हणू लागल्या, "तुझ्यापायी झालं हे." बचतगटाच्या बैठकीला येईनाशा झाल्या.

पंचायत समितीची निवडणूक लागली की मी उभी राहणार आहे. समोर साहेबांचा माणूस असेल, त्याच्या गाड्या असतील. अनामत जप्त होईल, असं सगळे म्हणतात. होऊ दे. पडले तर पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहीन. चराईचं बोलल्याशिवाय कोणालाच मत नाही, हे दारोदार जाऊन सांगणार आहे. कुत्री अंगावर सोडली तरी सांगणार आहे.

त्या सभेपासून दादा माझ्याशी बोलत नाही. एकाच घरात राहतो आम्ही. पहिलं मत मी त्याच्याकडेच मागणार आहे. नाही दिलं, तरी अर्ज मागे घेणार नाही.